नववीत गेलं की ताटही जातं आणि मैदानही

खडूफळा | ५ जुलै, रात्री ९:४०

तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावी एकाच आवारात भरते, त्यामुळे जे सांगणार आहे ते रोज डोळ्यांसमोर घडतं.

शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच मिळतो. २०२१ पासून त्याचं नाव पीएम पोषण झालं, गावात अजून सगळे 'खिचडी'च म्हणतात. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ७५ ग्रॅम भाजी असा हिशेब आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात भाजी कमी पडते, डाळ पातळ होते. तरी पोटात गरम काहीतरी जातं. हाच मुलगा मे महिन्याची सुट्टी संपवून नववीत येतो आणि व्हरांड्यात आठवीची पंगत बसलेली असताना हा फाटकाबाहेर जातो. योजना आठवीपर्यंतच्या शिक्षणाशी बांधलेली आहे, शरीराच्या वाढीशी नाही. मुलींची उंची साधारण दहा ते तेराच्या दरम्यान झपाट्याने वाढते, मुलांची बारा ते पंधरा. म्हणजे मुलगे ऐन भुकेच्या वर्षात योजनेबाहेर जातात आणि मुली दर महिन्याला रक्त जायला लागल्यावर.

पचनसंस्थेचा पाठ चालू असताना नववीच्या वर्गाला विचारलं, आज सकाळी काय खाऊन आलात? चहा-खारी. चहा-बिस्कीट. चहा-टोस्ट. मागच्या बाकावरून 'काहीच नाही', आणि त्याच्यामागोमाग तेच उत्तर देणारे आणखी बरेच हात. आमची नववी-दहावी सकाळच्या सत्रात, सात वाजता प्रार्थना. वाड्यावस्त्यांवरची मुलं सहाला घर सोडतात. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मोठ्या मुलांना लागू नाही. पहिलं खाणं साडेनऊच्या सुट्टीत, आणि ते म्हणजे पाच रुपयांचं मसाल्याचं पाकीट. डबा आणायची मुलग्यांना लाज वाटते. आठवीपर्यंतच्या पोरांनी डबा आणायचा, असं त्यांच्यात ठरून गेलेलं आहे.

आता मैदान. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास आहेत. दहावीला या विषयाला फक्त श्रेणी, गुण नाहीत. त्यामुळे गणित-इंग्रजीचा भाग मागे राहिला की पहिला तास याचाच जातो. ऑगस्टपासून तर दहावीचा हा तास कागदावरच उरतो. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की अंधार.

कुणाला दोष द्यायला हा धागा काढलेला नाही. मला हवंय ते इतकंच: नववी-दहावीच्या मुलांच्या पोटात शाळेच्या वेळेत काही चांगलं जावं आणि रोज तासभर त्यांना घाम यावा, यासाठी तुमच्या शाळेत, गावात, सोसायटीत कुणी काही केलं असेल तर नीट तपशिलात लिहा. पैसे कुठून आले, कुणी विरोध केला, तेही.

---

डबेवाली_आई | ५ जुलै, रात्री १०:२५

ताई, शहरातही फार वेगळं नाही. लेक नववीत, ठाण्यात राहतो. शाळा बारा ते सहा, साडेसहा ते साडेआठ क्लास, घरी यायला नऊ. दुपारी घरून जेवून जातो, त्यानंतर थेट रात्री जेवण. मधे जे काही खाणं व्हायचं ते क्लासच्या खालच्या गाडीवर. वडापाव, नाहीतर शेझवान घातलेलं काहीतरी, सोबत कोल्ड्रिंक. २५० मिलीच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते. बाटलीच्या मागे दर १०० मिलीचा आकडा छापलेला असतो, तो त्याला अडीचने गुणायला लावला. मोठ्या माणसानेही दिवसभरात जास्तीत जास्त एवढीच वरची साखर खावी, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत आहे.

मी आता दोन डबे देते. शाळेचा वेगळा, क्लासचा वेगळा. क्लासच्या डब्याला माझे नियम आहेत: एका हाताने, उभ्याने, पाच मिनिटांत खाता यायला हवं आणि वास पसरायला नको, नाहीतर तो उघडतच नाही. थालीपीठाची चार तुकडे करून चळत, मधे दही नाही तर लोणी. उकडलेली दोन अंडी. मेथीचा ठेपला गुंडाळून. भाजलेले चणे-शेंगदाणे आणि केळं. मटकीची उसळ पाठवली की तशीच परत येते, चमचा लागतो ना.

खेळाचं मात्र जमत नव्हतं. सोसायटीच्या भिंतीवर 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी. आम्ही पाच-सहा आयांनी सर्वसाधारण सभेत विषय घेतला. रविवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या बाजूला गाड्या लावायच्या नाहीत, असं ठरवून घेतलं. रोजचा तास नाही मिळाला. रोजच्यासाठी एकच करते: क्लासला चालत जायचं आणि चालत यायचं. जाताना वीस-पंचवीस मिनिटं, येताना तेवढीच. दप्तर हलकं केल्यावर कुरकुर थांबली.

---

दहावीचा_बाबा | ५ जुलै, रात्री ११:०२

सगळ्यांचं म्हणणं पटतं, पण एक बाजू मांडतो. मी रिक्षा चालवतो. मुलगी हुशार आहे. तिच्या हातात हे एकच वर्ष आहे. चांगल्या कॉलेजात मेरिटने नंबर लागला नाही तर डोनेशन माझ्याच्याने होणार नाही. खेळून पोट भरणारी मुलं किती? म्हणून मीच तिला सांगितलं, यंदा कबड्डी बंद. बाप म्हणून मला दुसरा मार्ग दिसत नाही.

---

लंगडीपटू | ६ जुलै, सकाळी ७:१५

पीटी शिक्षक आहे, बावीस वर्षं नोकरी झाली. सविस्तर लिहितो.

जागा नाही, ही सबब खो-खो आणि कबड्डीच्या राज्यात चालायला नको. खो-खोचं क्रीडांगण २७ बाय १६ मीटर. मुलींची कबड्डी १२ बाय ८ मीटरमध्ये होते. लंगडीला आणि दोरीउड्यांना तर वर्गाएवढी जागा पुरते. चुना, दोरी आणि शिट्टी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आमच्या पोरींनी तो अंतिम सामना मोबाइलवर तीनदा पाहिला.

अडचण जागेपेक्षा तास कसा घेतला जातो यात जास्त आहे. पस्तीस मिनिटांचा तास. दहा मिनिटं रांगा लावण्यात आणि हजेरीत जातात. मग सर चेंडू देतात, दहा मुलगे क्रिकेट खेळतात, बाकीचे वीस सीमारेषेवर गप्पा मारतात आणि मुली पिंपळाच्या पारावर. अशा तासाला एखादं मूल खरंच पळतं किती? म्हणून मी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली: रांगेत उभं राहायचंच नाही. वर्गातून निघताना गट ठरलेले असतात, मैदानावर पोचले की लगेच सुरुवात. सहा-सहाचे गट. एक लंगडी, एक दोरीउड्या, एक डॉजबॉल, एक आट्यापाट्या. सात मिनिटांनी शिट्टी, गट पुढच्या खेळाला. वर्गातलं सगळ्यात जाड मूल आणि सगळ्यात बारीक मूल दोघंही सतत हलत राहतात, आणि कुणी कुणाकडे बघत बसत नाही.

दुसरी: मैदानाच्या चकरा ही शिक्षा म्हणून द्यायची नाही. कुणीच. गृहपाठ केला नाही म्हणून पाच चकरा मारायला लावल्या की त्या पोराच्या डोक्यात पळणं म्हणजे शिक्षा हेच बसतं. मुख्याध्यापकांकडून तशी लेखी सूचना काढून घेतली.

तिसरी मुलींची, आणि हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. आठवीपासून मुली बाजूला बसायला लागतात. 'सर, आज नको.' पुरुष शिक्षकाला त्यापुढे विचारता येत नाही. एका शिक्षिकेला बरोबर घेतलं, तिने मुलींशी बोलून कारणं काढली. पंजाबी ड्रेस आणि ओढणीत पळता येत नाही. डाग पडेल ही भीती. पॅड बदलायला जागा नाही. आणि मुलगे बघत असतात. आता पीटीच्या दिवशी मुली घरूनच ट्रॅक पॅन्ट आणि टी-शर्टमध्ये येतात, दिवसभर त्याच कपड्यांत बसल्या तरी चालतं. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत पॅड ठेवलेले असतात, किल्ली बाईंकडे. मुलींचा खो-खो शाळेच्या मागच्या बाजूला घेतो. जिला त्या दिवशी त्रास होतोय तिने बसावं, गुण लिहावेत, पंच व्हावं. पण 'मुली बसतात' हे आमच्याकडे संपलं.

दहावीचा बाबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक सांगतो. क्रीडा सवलतीचे गुण दहावीला मिळतात, पण ते स्पर्धेत ठरावीक पातळी गाठणाऱ्यांना, त्यामुळे त्यांच्या आशेने मी कुणाला खेळायला सांगत नाही. तुमची लेक कबड्डी खेळत होती, म्हणजे तिला श्वास धरून तीस सेकंदांत निर्णय घ्यायची सवय आहे. ती सवय परीक्षेच्या हॉलमध्येही तिच्याबरोबर असते. तिची सगळी कबड्डी बंद करू नका. स्पर्धेचे दौरे बंद करा, सरावाचा पाऊण तास राहू द्या.

---

बालाघाट | ६ जुलै, दुपारी १:३०

आमच्या भागात बसून हा धागा वाचताना वाटलं, इथल्या मुलांना व्यायाम कसला सांगायचा? नववीतली पोरगी पहाटे उठते. दिवाळीच्या सुमाराला आई-बाप ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. घरी आजी आणि दोन धाकटी भावंडं. पाणी भरते, शेळी बांधते, भाकरी थापते. भावंडांचे डबे भरते. स्वतः उरलेली भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तीन किलोमीटर चालत शाळेत. संध्याकाळी तेवढंच परत आणि पुन्हा चूल. तिची दोन्ही भावंडं शाळेत खिचडी खातात, तिला नाही, कारण ती नववीत आहे.

या मुलीला खायला द्या. मैदानाचं नंतर बघू.

एक चांगली गोष्ट सांगतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलीला पैसे मिळतात, आणि लांबच्यांसाठी एसटीच्या निळ्या बस आहेत. सायकल आल्यावर मुलींची शाळा सुटायची थांबली, हे मी माझ्या गावात बघितलं. पण त्याने दिवसातले कष्ट कमी झाले, व्यायाम वाढला असं म्हणू नका.

---

बालवैद्य | ६ जुलै, रात्री ८:५०

बालरोगतज्ज्ञ आहे. बालाघाट यांनी लिहिलंय ते अगदी महत्त्वाचं आहे, त्याला आकड्यांचीही साथ आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून तीनदा तरी हाडं-स्नायूंवर जोर पडेल असं काही. संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून मांडली. ८१ टक्के मुलं या पातळीच्या खाली. मुली ८५, मुलगे ७८. भारताचा आकडा जगाच्या सरासरीपेक्षा थोडा बरा आला, आणि त्याचं एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी काय लिहिलं? मुलग्यांचं क्रिकेट आणि मुलींची घरकामं. म्हणजे पाणी भरणं आणि धुणं यांनी आपला आकडा सुधारलेला आहे. त्यावर समाधान मानायचं का, हे आपण ठरवायचं.

दुसरं, आपल्याकडे एकाच वर्गात दोन उलटे प्रश्न बसलेले असतात. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटात २४ टक्के मुलं वयाच्या मानाने कृश आढळली आणि ५ टक्के जास्त वजनाची. 'कमी खा, जास्त पळा' असं सरसकट सांगितलं तर चौघांतल्या एकाचं नुकसान होतं. एवढ्यासाठी हात जोडून विनंती: शाळेत वजन करताना ते मोठ्याने वाचून दाखवू नका, आणि मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, तक्ता मुलांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते आहेत, मुलगे-मुलींचे वेगळे. त्यात बघायचं.

तिसरं रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांमध्ये ३१ टक्के. माझ्याकडे आई मुलीला घेऊन येते: अभ्यासात लक्ष नाही, सारखी झोपते, जिना चढली की धाप लागते, आळशी झाली आहे. खालची पापणी ओढून बघावी तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन आठ. ही मुलगी पीटीच्या तासाला 'आज नको' म्हणाली तर तो आळस नसतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासून बारावीपर्यंत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. हे नववी-दहावीला लागू आहे, ताई, ते आपल्या हातात आहे. अडचण अशी की मुली गोळी तोंडात धरून बाहेर थुंकतात, कारण मळमळतं. उपाशीपोटी दिली तर मळमळणारच. मधल्या सुट्टीत खाल्ल्यानंतर द्या. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका हे आधी सांगा. आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. उलट लिंबू पिळलं की जास्त शोषलं जातं. कांदा-लिंबू घातलेली मटकी म्हणूनच चहा-खारीपेक्षा कितीतरी सरस.

दहावीच्या बाबांसाठी: अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० मध्ये शाळेतला व्यायाम आणि अभ्यास यांवरची ५० संशोधनं एकत्र तपासली. जवळपास निम्म्या निष्कर्षांत फायदा दिसला, उरलेल्या बहुतेकांत काहीच फरक नाही, तोटा जवळजवळ कुठेच नाही. तुमची काळजी खरी आहे, पण पाऊण तास खेळल्याने टक्के जात नाहीत. झोप कमी केल्याने मात्र जातात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

---

अकरावी_सायन्स | ६ जुलै, रात्री ९:३३

नमस्कार. इथे सगळे मोठे बोलत आहेत, मी मागच्या वर्षी दहावी झाले म्हणून लिहिते.

मुली शाळेत पाणी पीत नाहीत. कुणी हे लिहिलं नाही. आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नसायचं. म्हणून सकाळपासून आम्ही एक घोट घ्यायचो नाही, दुपारी डोकं दुखायचं. पीटीला पळालो तर तहान लागणार, पाणी प्यायलो तर जावं लागणार, म्हणून पळायचंच नाही. सरांना वाटायचं आम्ही लाजतो.

आणि डब्याचं. माझ्या डब्यात नाचणीची भाकरी असायची, एक-दोन मुली नाक मुरडायच्या. मग मी डबा उघडायचेच नाही. आईला कळू नये म्हणून वाटेत गाईला घालायचे. आमच्या वर्गशिक्षिका एकदा आमच्यात येऊन बसल्या आणि त्यांचा डबा उघडला, त्यातही भाकरी होती. त्या दर शुक्रवारी बसायला लागल्या. नंतर कुणी नाक मुरडलं नाही.

---

खडूफळा | ६ जुलै, रात्री १०:१०

बाळ, तुझी पोस्ट वाचून उद्या सकाळी पहिलं काम मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या बघायचं. मनापासून धन्यवाद.

डॉक्टर, गोळी आम्ही पहिल्या तासाला देतो, म्हणजे सातला, उपाशीपोटी. ती साडेनऊनंतर न्यायला काहीच अडचण नाही. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

---

टोकियोवासी | ७ जुलै, सकाळी ६:२०

इथल्या शाळेत मुलगा आठवीत आहे, म्हणून तुलनेपुरतं. जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४चा आहे. प्राथमिक आणि त्यापुढच्या तीन वर्षांच्या, म्हणजे आपल्या नववीपर्यंतच्या, बहुतेक सरकारी शाळांत दुपारचं जेवण शाळेत. मुलंच टोप्या आणि ॲप्रन घालून वाढतात, शिक्षक त्यांच्यातच बसून तेच जेवतात. फाटकाबाहेर काय मिळतं हा प्रश्नच येत नाही, कारण शाळेच्या वेळेत मूल बाहेर जात नाही. २००५ मध्ये आहारशिक्षणाचा वेगळा कायदा केला. शाळा सुटल्यावर खेळाचे क्लब शाळेच्याच मैदानावर, त्यामुळे त्यासाठी वेगळा प्रवास नाही. अनेक ठिकाणी पालक जेवणाच्या साहित्याचे पैसे भरतात, ते फुकट नाही. वाढायचं काम मुलांना दिलं की मूल ते अन्न खातं, एवढं मात्र आपल्याकडे उद्यापासून करता येईल.

---

कोकणकडा | ७ जुलै, रात्री ९:००

मुख्याध्यापक आहे. खडूफळा ताईंनी तपशील मागितलाय, देतो.

आधी नियमांचं. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, नूडल्स, कार्बनयुक्त पेयं वगैरे ठेवू नये असा निर्णय काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. २०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते. आम्ही राज्य मंडळाचे, तरी फलक लावला. आठवीच्या मुलांनी बाटल्या गोळा करून आकडे काढले.

पण नियम दाखवून फाटकावरच्या मावशीला हाकललं तर ती साठ मीटरवर बसेल आणि मुलं तिथे जातील. तिचंही पोट आहे. आम्ही तिच्याशी बोललो. पाकिटं काढ, उकडलेल्या शेंगा, चणे, काकडी, पेरू, चिंच-आवळा ठेव, तुला आवारात सावलीत जागा देतो. महिनाभर तिचा धंदा कमी झाला, शिक्षकांनी जाणूनबुजून तिच्याकडून घेतलं. आता बरा चालतो.

नववी-दहावीच्या खाण्यासाठी आमच्याकडे तिसरं वर्ष आहे. खिचडी शिजवणारा बचत गटच सकाळी वेगळ्या पातेल्यात नववी-दहावीसाठी उसळ करतो. इथे सावध राहा: पोषण आहाराचा तांदूळ, डाळ, तेल, गॅस यातला कणही इकडे वळवायचा नाही. रोजची संख्या ऑनलाइन जाते, साठ्याची तपासणी होते, आणि चांगल्या हेतूने केलं तरी ती अफरातफरच ठरते. वेगळं सिलिंडर, वेगळी वही, वेगळी पावती. पैसे माजी विद्यार्थ्यांकडून, वर्गाच्या बॅचने एकेक महिना उचललेला. ज्या पालकांना जमतं ते थोडे देतात. कोण देतं आणि कोण नाही, हे फक्त लिपिकाला माहीत. मुलांना आणि वर्गशिक्षकांनाही नाही. त्यात तडजोड करू नका, नाहीतर ज्याला सगळ्यात गरज आहे तोच येणार नाही.

विरोध झाला. पालकसभेत म्हणाले, मोठ्या पोरांना कशाला, ती काय भिकारी आहेत का? त्यावर मी उत्तर दिलं नाही, सगळ्यांना उसळ वाढली. शिक्षकांनीही खाल्ली.

---

दहावीचा_बाबा | ७ जुलै, रात्री ९:४८

सर आणि डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून मुलीशी बोललो. सरावाला पाऊण तास जाऊ देतो, स्पर्धा पुढच्या वर्षी. एक विचारायचं होतं. ती सकाळी सहाला सरावाला जाते. काही खाऊन जावं की नाही? ती म्हणते, खाल्लं तर पोटात दुखतं.

---

लंगडीपटू | ७ जुलै, रात्री १०:०५

पोटभर खाऊन नको, उपाशीही नको. निघण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं एक केळं किंवा दोन खजूर, वर पाणी. सराव संपला की अर्ध्या तासात नीट खाणं: मूठभर भिजवलेले शेंगदाणे, गूळ, दूध किंवा अंडं, पोळी-भाजी. मी पालकांना एकच सांगतो, पावडरीचे डबे आणू नका. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात.

---

बालवैद्य | ७ जुलै, रात्री १०:२०

सरांना अनुमोदन. आणि दहावीचे बाबा, एकदा मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा मनपाच्या दवाखान्यात होतं.

---

खडूफळा | ७ जुलै, रात्री १०:४५

कोकणकडा सर, सोमवारच्या शिक्षकसभेत हा विषय ठेवते आहे. नववी-दहावी मिळून आमच्याकडे १२० मुलं. अंदाजाला सांगा: कडधान्य किती लागतं, भिजवायचं कुणी, आणि सातच्या शाळेला साडेनऊपर्यंत तयार कसं होतं? बचत गटाच्या बायका दहाला येतात.

---

कोकणकडा | ८ जुलै, सकाळी ६:५०

डोई पस्तीस ग्रॅम कोरडं कडधान्य धरा, म्हणजे १२० मुलांना सव्वाचार किलो. भिजून दुप्पट होतं. आदल्या दिवशी शाळा सुटताना बचत गटाच्या ताईच भिजत घालून जातात. मटकी, मूग हे मोड आलेले असले की कुकरला दोन शिट्ट्यांत होतात. हरभरा आणि वाटाण्याला जास्त वेळ, तो ज्या दिवशी लवकर येणाऱ्या ताईंची पाळी असेल त्या दिवशी. सकाळी दोघीच लागतात, साडेआठला येतात, त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्या, खिचडीच्या मानधनात घालू नका. कांदा-कोथिंबीर चिरायला दहावीची पाच मुलं, पाळीपाळीने, मुलगे-मुली दोघंही. हात धुऊन, नखं बघून. वाढायलाही तीच. लिंबं सुरुवातीला विकत घेतली, आता मुलं घरच्या झाडाची आणतात. शनिवारी अर्धी शाळा, तेव्हा उसळ नाही, शेंगदाणे-गूळ. पहिल्या आठवड्यात निम्मीच मुलं येतील, तेव्हा तीन किलोनेच सुरुवात करा आणि उरलं तर वाया घालवू नका. वहीचा नमुना व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.